नानांची कात्री

धुळ्याच्या आमच्या हायस्कुलात मॅट्रिकची मुलं मराठीच्या तासाला दप्तरातून खळीची डबी आणत, असं मी आज कुणाला सांगितलं तर त्याला वाटेल, म्हातारा कुठल्या तरी कंदील करण्याच्या कारखान्याबद्दल बोलतो आहे. पण आणत खरी. गव्हाच्या पिठाची, घरी आईने शिजवून दिलेली खळ. तिचा वास त्या वर्गात इतका मुरला होता की मी गणिताचा तास घ्यायला आत शिरलो की मला भूक लागायची. हे सगळं काशिनाथ मास्तरांचं कर्तृत्व. मास्तरांना सारी शाळा नाना म्हणे, आणि त्यांच्या माघारी ‘कात्रीवाले नाना’.

नाना मूळचे पहूरचे. वडील शिंपी. त्या वडिलांची एकच इस्टेट नानांकडे आली होती, ती म्हणजे वीतभर लांबीची काळी लोखंडी कात्री. ती ते कोटाच्या उजव्या खिशात ठेवीत. कात्रीच्या टोकाने खिशाचं अस्तर दर सहा महिन्यांनी फाटे, आणि शिंप्याच्या मुलाला शिंप्याकडे जावं लागे. नाना अंगाने किडकिडीत, टोपी जरा मागे सरकलेली, आवाज मात्र असा की पांझरेच्या पलीकडच्या काठावरून हाक मारली तरी ऐकू यावी. वडील दुसऱ्याने शिवलेली बंडी हातात आली की आधी तिची एक शिवण उसवून बघत, असं ते सांगत. “उसवल्याशिवाय शिवण कळत नाही, भाऊ,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. लहानमोठ्या सगळ्यांना ते भाऊच म्हणत, आणि शाळेच्या घंटा देणाऱ्या शिपायालाही अहो-जाहो करत.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा अशी. मुलाने एक परिच्छेद लिहून आणायचा, सात-आठ वाक्यांचा, कागदाच्या एकाच बाजूला. नाना तो वाचत नसत. कात्री काढून ते एकेक वाक्य सुटं करत, चिटोरी टोपीत टाकून हलवत आणि दुसऱ्याच मुलाच्या पुढ्यात ओतत. त्या मुलाने ती चिटोरी पुन्हा ओळीने लावायची. बिनचूक लागली तर मूळ लिहिणारा पास. लागली नाहीत तर लिहिणाऱ्याने कुठे तरी दुवा सोडला आहे. आणि उलटीसुलटी कशीही लावली तरी चालत असतील, तर मग त्याची धडगत नसे. “जे चिटोरं कुठंही बसतं, ते कुठलंच नव्हे,” असं म्हणून नाना तेवढं बाजूला काढत. मग उरलेली चिटोरी खळीने वहीत चिकटवायची. एखादं वाक्य आपल्या जागी घट्ट बसलं की नाना त्यावर बोट ठेवून ते इकडे-तिकडे सरकवल्यासारखं करत आणि म्हणत, “हलत नाही.” यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही.

दुसरा दंडक म्हणजे पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. एका मुलाने ‘आमचा बैल’ या विषयावर लिहिताना बैलाला ‘शेतकऱ्याचा खरा मित्र’ म्हटलं, तेव्हा नानांनी त्याला विचारलं की तुमच्या बैलाने सकाळी काय केलं. मुलगा म्हणाला, माझी टोपी खाल्ली. नानांनी त्याला तिथेच उभं राहून टोपीपासून पुन्हा सुरुवात करायला लावली.

तास संपला की वर्गात चिटोऱ्यांचा सडा पडलेला असे. मुलं घंटा झाली की उधळत. मी पुढच्या तासाला दाराशी जाऊन उभा राहिलो की नाना बाकांखाली गुडघ्यांवर असत. मी एकदा म्हटलं की शिपाई झाडून काढील ना. तर म्हणाले, “पोराचं वाक्य पायाखाली येतं, भाऊ.” मला गणितवाल्याला हे जरा अतीच वाटलं. मी मनातल्या मनात घड्याळ बघत असे.

या कात्रीने घरात काय अनर्थ केला तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नानांच्या थोरल्या मुलीसाठी चोपड्याच्या एका घरी बोलणं चाललं होतं. मुलाच्या वडिलांचं पत्र आलं. पत्र नानांच्या हातात, कात्री खिशात, आणि सुट्टीचा दिवस. सवयीने त्यांनी ते कापलं. ओसरीवर मांडून बघतात तो केळीच्या बागेची हकिकत, धाकट्याचा ताप, चोपड्यातला उन्हाळा, सगळं एकमेकांच्या अंगावर. त्यात एक चिटोरं कुठेही ठेवलं तरी बसत होतं. नानांनी ते ‘कुठलंच नव्हे’ म्हणून बाजूला काढलं, ते वाऱ्याने गेलं. नानांचं लक्ष सांध्याकडे, मजकुराकडे नव्हतंच. त्यावर लिहिलं होतं की आम्ही येत्या बुधवारी मुलगी पाहायला येतो.

बुधवारी पाहुणे आले तेव्हा वहिनी, म्हणजे नानांच्या पत्नी, अंगणात कुरडया घालत होत्या, कोपरापर्यंत हात गव्हाच्या चिकाने भरलेले. मुलगी सोऱ्या दाबत होती. नाना गंजीफ्रॉकवर पेपर वाचत होते. वहिनींनी नवऱ्याकडे जे पाहिलं ते मी, शेजारीच राहत असल्यामुळे, कुंपणावरून पाहिलं, आणि आजही मला ते आठवून अंगावर काटा येतो. पण पाहुणे खानदेशातलेच. मुलाच्या वडिलांनी पातेल्यात डोकावून विचारलं, चीक गरम आहे का. मग सगळे ओसरीवर बसून वाटीत तेल घालून गरम चीक ओरपत बसले आणि लग्न ठरलं. पुढे व्याही प्रत्येक पत्रात तारीख पहिल्याच ओळीला लिहीत. नाना म्हणत, बघा, माणूस सुधारतो.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आम्हाला नवे हेडमास्तर आले. पुण्याहून आलेले, उंच, गोरे, कडक इस्त्रीचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. शाळेचा निकाल वर यावा म्हणून जिवाचं रान करायचा. पण त्यांच्याजवळ काळ्या कापडी बांधणीची एक वही होती आणि तीत दहा निबंध होते. परीक्षेत विषय कोणताही येवो, या दहांपैकी एकाची मान मुरगळून तो तिथे बसवता येतो, अशी त्यांची खात्री होती. सकाळी शाळेआधी ते मॅट्रिकच्या मुलांना हे निबंध उतरवून देत आणि पाठ करून घेत. मग दुपारी तीच मुलं नानांच्या हाती. एका तोंडाने दोघांचं खायचं, मुलांचे हाल झाले.

शिवाय लढाईमुळे कागदाची टंचाई. एकाच बाजूला लिहा, वर कापा, हे हेडमास्तरांना बघवेना. त्यांनी नानांना बोलावून सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीनंतर इन्स्पेक्टर तपासणीला येत आहेत. त्यांना कात्रीची तऱ्हा पटली तर ठीक. नाहीतर मॅट्रिकचं मराठी काढून घ्यावं लागेल, आणि नानांना खालच्या वर्गाचं शुद्धलेखन पाहावं लागेल. ते तास कुणाला देणार हेही ठरलं होतं. मला. दहा निबंध घोकून घ्यायला गणितवालाही चालणार होता. मी तेव्हा तिशीतला, मॅट्रिकचं मराठीही मिळणार म्हणून आतून खूश होतो, हे कबूल करायला आता हरकत नाही. वर वर मात्र मी चेहरा लांब करून फिरत होतो.

नानांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. कुणीही म्हणालं असतं की बरं झालं, म्हातारपणी सुटका. एका संध्याकाळी शाळेतून घरी चालताना मीही तेच म्हणालो. नाना रस्त्यातच थांबले. म्हणाले, “शुद्धलेखन मी आनंदाने घालीन, भाऊ. पण ही पोरं उद्या तलाठी होतील, वकील होतील, कुणाकुणाला पत्रं लिहितील. त्यांना आपलं एक वाक्य आपल्या पायावर उभं करता आलं नाही, तर जन्मभर दुसऱ्याचं बोलतील.” एवढं बोलून ते पुढे चालू लागले. मला माझी खुशी नकोशी झाली.

इन्स्पेक्टरांना दाखवायला नानांजवळ एकच गोष्ट होती, मुलांच्या वह्या. प्रत्येक वही खळीने फुगून पोळ्यांच्या चवडीएवढी झालेली. सुट्टीआधी नानांनी त्या सगळ्या मास्तरांच्या खोलीतल्या लाकडी कपाटात नीट रचून ठेवल्या. खालच्या कप्प्यात हेडमास्तरांच्या दहा निबंधांच्या वह्या होत्या. सुट्टी संपली, तपासणीच्या आदल्या दिवशी कपाट उघडलं, आणि आतून भुसा सांडावा तसा कागद सांडला. तीन आठवडे उंदरांनी गव्हाच्या खळीवर दिवाळी साजरी केली होती. एकही वही धड नव्हती. हेडमास्तरांच्या वह्या मात्र जशाच्या तशा, एक कोपरासुद्धा कुरतडलेला नाही.

मला वाटलं आता नाना मटकन बसतील. त्यांनी खाली वाकून दोन्ही कप्पे पाहिले, टोपी मागे सारली आणि म्हणाले, “बघा भाऊ, त्यांच्या वह्यांत उंदरालासुद्धा काही सापडलं नाही.” मी हसलो. ते हसले नाहीत. त्यानंतर बराच वेळ ते भुशातून वाचता येतील अशी चिटोरी वेचत बसले होते.

इन्स्पेक्टर म्हणजे एक बुटके, घामट गृहस्थ होते. दोन दिवसांत पाच शाळा तपासून आलेले, कधी एकदा गाडीत बसतो असं झालेलं. वह्या उंदरांनी खाल्ल्या हे ऐकून त्यांनी नानांकडे जरा वेळ पाहिलं. असलं निमित्त ते विद्यार्थ्यांकडून ऐकत आले असणार, मास्तरांकडून पहिल्यांदाच. मग म्हणाले, मुलांना आत्ताच एक परिच्छेद लिहू द्या. विषय कोणता द्यावा? हेडमास्तर पटकन म्हणाले, “समुद्रकिनारी एक संध्याकाळ.”

तो काळ्या वहीतला तिसरा निबंध होता. नानांना ते ठाऊक होतं, मलाही. त्या वर्गातल्या एकाही मुलाने समुद्र पाहिला नव्हता. आमच्याकडे पाणी म्हणजे पांझरा, आणि तीही होळीपर्यंत वाळू होते.

अर्ध्या तासाने इन्स्पेक्टरांनी कागद गोळा केले आणि वाचायला लागले. पहिल्या मुलाचं मन अथांग सागराला पाहून उचंबळून आलं होतं. दुसऱ्याचंही आलं. तिसऱ्याचं, चौथ्याचं, सगळ्यांची मनं एकाच ओळीत, त्याच स्वल्पविरामाला उचंबळत होती. नाना खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते. त्यांचीच ही मुलं. ऐन वेळी घाबरून पाठ केलेल्याकडे धावली होती, आणि त्यात त्यांचा काय दोष?

मग इन्स्पेक्टर एका कागदाशी थांबले. तो सुपडूचा होता. सुपडू म्हणजे शिरपूरकडच्या खेड्यातला मुलगा, बोर्डिंगात राहायचा. सकाळच्या स्वयंपाकाची पाळी नेमकी त्याच्याकडे, त्यामुळे काळ्या वहीतले निम्मे निबंध त्याला मिळालेच नव्हते. इन्स्पेक्टर मोठ्याने वाचू लागण्याच्या बेतात होते. तेवढ्यात नाना पुढे आले आणि खिशात हात घालून म्हणाले, “साहेब, वाचू नका. कात्री लावू द्या.”

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. इन्स्पेक्टरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कागद दिला. नानांनी तो कापला, दुसरा एक उचंबळणारा कागदही कापला, आणि दोन्हींची चिटोरी टेबलावर दोन ढीग करून ठेवली. आधी उचंबळणारा ढीग. इन्स्पेक्टरांनी तो एकदा लावला, पुन्हा लावला, शेवटचं वाक्य पहिलं केलं, मधलं शेवटी नेलं. कसाही लावला तरी समुद्र तोच. त्यांनी तो ढीग सरकवून दिला.

दुसऱ्या ढिगाला मात्र त्यांना वेळ लागला. ते खुर्ची पुढे ओढून बसले. एक चिटोरं त्यांनी चुकीचं ठेवलं, स्वतःशीच मान हलवून उचललं आणि दोन ओळी खाली नेलं. सारा वर्ग माना उंचावून बघत होता. शेवटी त्यांनी वाचलं ते असं:

“मी समुद्र पाहिलेला नाही. माझे काका कापसाच्या गाठींबरोबर मुंबईला गेले होते, ते येताना बाटलीत भरून समुद्र घेऊन आले. ती बाटली पाहायला आमची गल्ली ओट्यावर जमली. आजीने तिच्यात काडी बुडवून एक थेंब जिभेवर घेतला. ‘मीठ जास्त पडी गयं, बाकी पानी चांगलं शे,’ असे ती म्हणाली. तिचे ऐकून मग बठ्ठ्यांनी एकेक थेंब चाखला. आता तळाशी दोन बोटे समुद्र उरला आहे, आणि आजी त्याला कुणाला हात लावू देत नाही.”

‘सगळ्यांनी’च्या जागी आलेल्या अहिराणी ‘बठ्ठ्यांनी’ला हेडमास्तरांचा चेहरा वाकडा झाला. इन्स्पेक्टरांनी मात्र आजीच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि ते वर सरकवून पाहिलं, खाली सरकवून पाहिलं.

नाना हळूच म्हणाले, “हलत नाही, साहेब.”

“नाही हलत,” इन्स्पेक्टर म्हणाले. मग त्यांनी सुपडूला विचारलं की बाटली अजून आहे का. सुपडू म्हणाला, आहे, पण आजीला विचारावं लागेल. इन्स्पेक्टरांची गाडी त्या दिवशी चुकली, कारण त्यांनी आणखी तीन मुलांना त्यांच्या घराबद्दल लिहायला लावून ते स्वतः कापून पाहिलं. शेऱ्यात त्यांनी एवढंच लिहिलं की मॅट्रिकचं मराठी आहे त्याच शिक्षकांकडे राहावं, आणि शाळेने एक मांजर पाळावं.

वर्ग नानांकडे राहिला. काळी वही मात्र हेडमास्तरांनी सोडली नाही, सकाळचे तास चालूच राहिले. फरक पडला तो इतकाच की दुपारी नानांचा तास असला की हेडमास्तर व्हरांड्यात, खिडकीच्या जरा मागे, हात पाठीशी बांधून उभे दिसत. मला वाटे, चुका काढायला उभे राहतात. नानांना वाटे, सावलीला.

दोन वर्षांनी नाना निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला. मानपत्र अर्थात हेडमास्तरांनी लिहिलं आणि स्वतःच वाचलं. त्यात नाना ज्ञानदीप होते, वटवृक्ष होते, विद्यारूपी सागराचे नावाडीही होते. नाना मान खाली घालून ऐकत होते आणि उजवा हात खिशात होता. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनीही तो हात पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आणि वहिनी पहूरला निघायचे होते, जळगावच्या मोटारीने. आदल्या संध्याकाळी नानांनी मला एक पाकीट दिलं आणि हेडमास्तरांना द्यायला सांगितलं. मी सकाळी सकाळी ते नेऊन दिलं. हेडमास्तरांनी ते फोडून टेबलावर उपडं केलं, आणि मानपत्राची चिटोरी पसरली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हणणार होतो की म्हाताऱ्याची सवय, मनावर घेऊ नका. पण हेडमास्तर चिडले नाहीत. त्यांनी ज्ञानदीप एकीकडे ठेवला, वटवृक्ष एकीकडे, नावाडी एकीकडे. बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं. मग हळूच म्हणाले, “यात एक नाही.”

त्यांनी टोपी घातली आणि ते जिना उतरून चालू लागले. मी त्यांच्यामागे. हेडमास्तरांना रस्त्याने इतक्या भरभर चालताना धुळ्यात कुणी पाहिलं नव्हतं.

लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून तेव्हा मोटारी कोळशावर चालत. मागे भट्टी, ती पेटून गाडी सुरू व्हायला एक तास लागे. क्लीनर अजून भट्टीला वारा घालत होता म्हणून नाना सापडले. ते खिडकीशी बसले होते, मांडीवर फराळाचं गाठोडं. हेडमास्तर खिडकीखाली उभे राहिले. धाप लागलेली, इस्त्रीचा कोट काखेत ओला.

“एक ठेवलंत तुम्ही, काशिनाथराव,” ते म्हणाले.

नानांनी कोटाच्या आतल्या खिशातून चिटोरं काढलं आणि खिडकीबाहेर धरलं. मी हेडमास्तरांच्या खांद्यावरून वाचलं. समारंभात हे वाक्य माझ्या कानावरून गेलं होतं, नावाड्याच्या आणि वटवृक्षाच्या मध्ये कुठे तरी दबलेलं. ‘तास संपल्यावर मास्तर गुडघ्यांवर बसून बाकांखालची चिटोरी वेचतात, मुलाचे वाक्य कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून.’

“हे तुम्ही पाहून लिहिलंत,” नाना म्हणाले. “हे हलत नाही, साहेब.”

हेडमास्तरांनी काही तरी बोलायचा प्रयत्न केला, पण त्यांना आपलं असं दुसरं वाक्य सुचलं नाही. त्यांनी नुसते हात जोडले.

मोटारीने एकदम हिसका दिला आणि ती निघाली. नानांनी नमस्कारासाठी हात वर केला, त्यासरशी बोटांतलं चिटोरं सुटून आतच कुठे तरी पडलं. मोटार पुलाकडे वळली तेव्हा मागच्या काचेतून मला बाकावर नाना दिसेनात. वहिनी कपाळाला हात लावून बसल्या होत्या, आणि आजूबाजूचे सगळे उतारू आपापले पाय वर घेऊन खाली वाकून बघत होते.